पोटाखालचा तवा

वसमतला थंडी येते ती आधी चौकात येते. कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाला ब्लँकेटवाटप होतं आणि दुसऱ्या दिवशी फोटो फिरतो: एक म्हातारी, एक ब्लँकेट, आणि ते ब्लँकेट धरायला सगळी कार्यकारिणी. म्हातारीचा चेहरा कुणाच्या तरी कोपरामागे गेलेला असतो. हा फोटो दिसला की हिवाळा लागला असं मी समजते. हवामानाच्या अंदाजावर माझा एवढा विश्वास नाही.

बाकीच्या खुणा मागून येतात. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या. वारा फिरला की मळीचा गोडसर, आंबूस वास. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकलेला कापूस, जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेला. लांबून बघणाऱ्याला वाटावं की बाभळीला फुलं आलीत. सकाळी शहाबादी फरशी पायाला चावते. आणि आमच्या मधल्या खोलीत एक लाल दिवा लागतो.

यंदा तो परवा लागला. त्या खोलीत पूर्वी पुस्तकांचं कपाट होतं. ते मी स्वतः हलवलं, हे आयुष्यभर कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलेल्या बाईच्या तोंडून ऐकायला विचित्र वाटेल. तिथे आता एक काचेची पेटी आहे, पेटीत लाडू नावाचा साप आहे, आणि पेटीच्या एका टोकाला, काचेच्या खाली, ऊब देणारी पट्टी आहे. पट्टी तापत असली की यंत्रावर लाल दिवा, पुरेशी तापली की हिरवा. लाल झाला की मी खुर्ची ओढून समोर बसते आणि हिरवा होईपर्यंत उठत नाही. आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे हे यंत्राला कळलेलं बरं. यामागे शास्त्र काही नाही. एक हिवाळा आहे.

त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर माझी मुलगी सुजाता पुण्याहून आली. भाड्याच्या गाडीतून तिनं एक बॅग उतरवली, एक लॅपटॉप, आणि झाकणाला भोकं पाडलेला एक मोठा प्लास्टिकचा डबा. संसारातून तिनं एवढंच उचललं होतं.

“किती दिवस राहणार?” मी विचारलं.

“बघू.”

“आणि हे?”

“लाडू.”

“खायचा?”

“आई.”

मग तिनं झाकण उघडलं. तपकिरी-सोनेरी नक्षीचा एक जाडसर साप स्वतःची गच्च गुंडाळी करून, डोकं आत खुपसून बसला होता. हा जातीचा अजगर, पण छोटा, पश्चिम आफ्रिकेतला. घाबरला की चावत नाही, पळत नाही, असा लाडू होऊन बसतो. आपल्याकडचे साप घरात ठेवणं हा गुन्हा आहे. हा परदेशी, त्याची रीतसर सरकारी नोंद केलेली. हे सगळं सुजातानं मी न विचारताच सांगितलं. जे विचारलं त्याचं उत्तर मात्र दिलं नाही. “हिंगोलीला तारीख लागलीय,” एवढंच. म्हणजे प्रकरण कोर्टात गेलं होतं. का गेलं, कधीपासून चाललं होतं, नवऱ्यानं काय केलं, हिनं काय केलं, यातलं काही नाही. मी तिची आई आहे. मला संशय घेण्यासाठी यापेक्षा जास्त सामग्री लागत नाही.

लाडू जेवत नव्हता. पुण्यापासूनच. त्याचं खाणं म्हणजे उंदीर, गोठवलेले. ते आमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात एका डब्यात ठेवलेले असत आणि त्या दिवसांत मी मटार घ्यायचं बंद केलं होतं. सुजाता उंदीर कोमट पाण्यात गरम करून चिमट्यानं त्याच्यासमोर धरायची. तो बघायचा आणि तोंड फिरवायचा. हाताला त्याचा कणा लागायला लागला होता.

“साप स्वतःची ऊब स्वतः तयार करू शकत नाही, आई. ती बाहेरून मिळावी लागते. थंडीत त्याचं पचनच थांबतं, मग तो खाणं सोडतो. पुण्यात शेवटी शेवटी हीटर बंदच असायचा.”

“कोण बंद करायचं?”

“असायचा,” ती म्हणाली.

हा हिवाळा नीट काढला नाही तर तो जाणार, हे तिनं शब्दांत सांगितलं नाही. पण रोज सकाळी ती आधी त्या डब्याकडे जायची आणि झाकण उघडण्याआधी क्षणभर थांबायची. ते थांबणं मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते.

माझं आयुष्य पुस्तकांत गेलं, त्यामुळे छापलेलं सगळं खरं नसतं हे मला इतरांपेक्षा लवकर कळलं. सापाला ऊब कशी द्यावी याबद्दल मी वाचायला बसले तेव्हा जगात त्याचे दोन पंथ आहेत असं दिसलं. एक पंथ म्हणतो वरून दिवा लावा, दुसरा म्हणतो खालून पट्टी लावा, आणि दोघेही एकमेकांना अडाणी समजतात. ज्यानं पट्टी विकली त्याला मी फोनवर विचारलं, सुरक्षित आहे ना?

“मॅडम, शंभर टक्के.”

“मग तिच्यासोबत तापमान आवरणारं यंत्र वेगळं का विकता?”

“ते एक्स्ट्रा सेफ्टीसाठी.”

“शंभराच्या वर एक्स्ट्रा?”

“मॅडम, घेऊन तर बघा,” तो म्हणाला. या देशातल्या बहुतेक चर्चा इथे येऊन संपतात.

आम्ही दोघींनी ते सगळं बसवलं. सुजाता करायची, मी शंका काढायची. पट्टी पेटीच्या फक्त एका टोकाखाली. दुसरं टोक गार ठेवायचं, म्हणजे कुठे बसायचं ते तो ठरवील. तापणारी कुठलीही वस्तू पेटीच्या आत नाही, कारण जे सापडेल त्याला तो मिठी मारतो. विजेची जाड वायर पाण्याच्या भांड्यापासून लांब, भिंतीला खिळ्यांच्या पट्ट्यांनी पक्की बसवलेली. सगळं इन्व्हर्टरवर, कारण रब्बीचे पंप सुरू झाले की आमच्याकडची वीज श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. पट्टीला स्वतःला काही कळत नाही. ती तापत राहते. कळतं ते यंत्राला, आणि यंत्राला कळतं ते एका बारीक वायरीमुळे. त्या वायरीच्या टोकाला मण्याएवढा एक काळा ठिपका असतो. तो पट्टी आणि काच यांच्यामध्ये सरकवून ठेवायचा. तिथे पुरेसं तापलं असं त्या मण्यानं सांगितलं की यंत्र पट्टी बंद करतं.

“आणि मणी खोटं बोलला तर?” मी विचारलं.

“म्हणून दोन टोकांना दोन वेगळे थर्मामीटर.”

हे उत्तर मला आवडलं. तरीही सुरुवातीचे दिवस मी तो मणी अधूनमधून ओढून काढायची, मुठीत धरायची आणि दिवा बदलतो का ते बघायची. बदलायचा. मग परत सरकवून ठेवायची. सुजाता म्हणायची, “आई, हात नको लावू. जागा चुकली तर पट्टी तापतच राहील.”

“तापली तर तो उठून गार बाजूला जाईल की.”

“नाही जात.” ती उरलेली वायर गुंडाळत होती. “सापाला खालून भाजलेलं लवकर कळत नाही. तो तिथेच बसून राहतो.”

“भाजत असताना?”

“हो.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं वायरीच्या गुंडाळीला गाठ मारली आणि ती ड्रॉवरमध्ये टाकली.

साप आहे म्हटल्यावर गल्ली आलीच. ज्यांनी आमच्या ओट्याला कधी पाय लावला नव्हता तेही “लेकराला साप दाखवायचाय” म्हणून आले. लेकरू काचेला नाक लावायचं. मोठ्यांची नजर काचेवर कमी आणि सुजाताच्या गळ्यावर जास्त. गळ्यात काही नव्हतं. “सुट्टीवर आली का?” “वर्क फ्रॉम होम हाय का?” “जावईबापू मागून येऊन राहिले का?” सुजाता पहिल्या आठवड्यातच माणसं आली की आतल्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडायला लागली. ती कुणाच्या घरी गेली नाही. नळावर गेली नाही, दुकानात गेली नाही. लाडूनं गुंडाळी करावी तशी ती... नको. उपमा सोप्या असतात, म्हणूनच मला त्यांचा संशय येतो. ती घरात बसली, एवढंच.

एक दिवस विकासभाऊही आले. विकासभाऊ हे आमच्या भागातले सर्पमित्र. अंगात इतक्या खिशांचं जाकीट की सगळ्या खिशांत काही असेल असं मला कधीच वाटलं नाही. सोबत फोटो काढणारा पोरगा. त्यांनी पेटीकडे बघितलं, मान हलवली आणि माझ्याकडे वळले.

“मॅडम, पट्टीबिट्टी सोडा. शंभरचा बल्ब आत सोडा. एकदम जंगल फील.”

“जंगलात बल्ब असतो?”

“तसं नाही, फील म्हणतोय मी.”

“त्यानं बल्बाला मिठी मारली तर?”

“काही होत नाही. साप लई कडक चीज आहे.” मग त्यांनी त्या कडक चीजेसमोर गुडघा टेकवून फोटो काढून घेतला. “ते वायर जरा बाजूला घे रे, फ्रेममध्ये नको.” ते गेल्यावर मी सगळ्या वायरी तपासल्या. जागेवर होत्या. संध्याकाळी त्यांच्या स्टेटसवर वसमत शहरात दुर्मिळ अजगराला जीवदान मिळालं होतं.

शेजारच्या गयाबाई मात्र खरंच साप बघायला यायच्या. आमची आणि त्यांची मागच्या अंगणाची भिंत एक. गयाबाईंचं वागणं सोपं आहे: मनात आलं ते तोंडात, तोंडात आलं ते हातात. पहिल्या दिवशी त्या वाटीभर दूध घेऊन आल्या. साप दूध पीत नाही, असं सुजातानं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. “बाहेरदेशीचा हाय, सवय नसंल,” म्हणाल्या आणि दूध आमच्या चहात घातलं. सुजाताला त्यांनी काही विचारलं नाही. मला हे संशयास्पद वाटलं. गल्लीत सगळ्यांत जास्त बोलणारी बाई नेमकं ते एकच विचारत नाही, म्हणजे तिला कुठून तरी आधीच कळलेलं असणार, असा माझा तर्क होता.

मग एक दिवस त्यांचं लक्ष पेटीच्या खाली गेलं.

“म्याडम, ह्याच्या खाली काय ठेवून राहिल्या वं तुमी?”

“गरम पट्टी. थंडीसाठी.”

“म्हंजे तवाच की!”

“तवा नाही हो. अगदी थोडी ऊब असते.”

“पंचमीला आमी तवा न्हाई ठेवत चुलीवर. नागाच्या फडीला चटका बसतोय म्हून. कापत न्हाई, चिरत न्हाई, तळत न्हाई. दिंडं उकडून खातो. आन् तुमी त्याच्या पोटाखालीच तवा ठेवला?”

आम्ही बौद्ध. आमच्या घरी पंचमीलाही तवा रोजच्यासारखा चढतो, आणि हे गयाबाईंना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं असं नाही. त्यावर त्या कधी बोलल्या नव्हत्या. पण ही गोष्ट त्यांच्या हद्दीतली होती.

“हा आफ्रिकेचा आहे, गयाबाई.”

“आफ्रिकेचा असू द्या न्हाई तर औंढ्याचा असू द्या. पोट ते पोट.”

मी चहाला आधण ठेवलं.

नोव्हेंबर संपत आला होता. सुजाताची तारीख होती, ती सकाळच्या एस.टी.नं हिंगोलीला गेली. जाताना म्हणाली, “लाडूवर लक्ष ठेव.” तिनं माझ्यावर काही सोपवण्याची ही त्या मुक्कामातली पहिलीच वेळ. मला बँकेत जाऊन मी जिवंत असल्याचं सांगायचं होतं. पेन्शन घेणाऱ्याला वर्षातून एकदा हे सिद्ध करावं लागतं आणि रांग जसजशी लांबते तसतसं ते अवघड होत जातं. दिवा हिरवा बघून मी निघाले. दुसरी किल्ली नेहमीप्रमाणे गयाबाईंकडे.

दुपारी परत आले तेव्हा दिवा लाल होता. लाल असणं काही गुन्हा नाही. चपला काढल्या, पाणी प्यायले. लालच. मग थर्मामीटर बघितला. जिथे बत्तीसच्या आसपास असायचं तिथे पंचेचाळीसच्या वर आकडा होता. लाडू बरोबर त्या तापलेल्या काचेवर पडला होता. गुंडाळी नाही, लांब, सपाट, कुणीतरी पट्टा टाकून द्यावा तसा.

मी प्लग ओढला. वाकून बघितलं तर बारीक वायर बाहेर आलेली आणि मणी खाली फरशीवर. गार फरशीवर पडून तो यंत्राला प्रामाणिकपणे सांगत होता की थंडी आहे, अजून थंडी आहे. आणि यंत्र तितक्याच प्रामाणिकपणे पट्टी तापवत होतं. जन्मभर मी खोटं पकडायला शिकले. इथे तर सगळे खरं बोलत होते.

सुजाताचा फोन बंद. कोर्टात असणार. मी पेटीची काच सरकवून ठेवली आणि समोर बसले. त्याला उचलून बाजूला ठेवायला हवं हे कळत होतं. तोपर्यंत मी त्याला एकदाही हात लावला नव्हता. हात आत नेला आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबला. तेवढ्यात तो स्वतःच हलला, फार हळू, आणि गार बाजूला गेला.

सुजाता उन्हं कलल्यावर आली. दारातूनच तिला माझा चेहरा दिसला असावा. तिनं बॅग ठेवली, लाडूला उचललं, उलटं केलं. पोटाचे पांढरे खवले मध्ये लाल झाले होते, दोन-तीन जागी फुगले होते.

मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आई, वायर तू काढलीस?”

“नाही.”

“चेक करायला?”

“नाही म्हटलं ना.”

“तू काढायचीस.”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी भांडले असते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी जन्मभर लोकांकडे पाहत आले: बोलणं ऐकतेय, पण पुराव्याची वाट बघतेय. ती नजर समोरून कशी दिसते हे मला तोवर माहीत नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी हात वर केले. “मी म्हशी बघतो, मॅडम.” मग त्यांनी सोबत शिकलेल्या कुणाला तरी फोन लावला आणि फोन कानाला ठेवूनच लाडूचं पोट तपासलं. भाजल्यावर माणसांना लावतात तेच पांढरं मलम. पेटीत भुसा नको, स्वच्छ कागद अंथरायचा आणि रोज बदलायचा. ऊब बंद करायची नाही, नाहीतर जखम भरणार नाही, पण काटेकोर. “कात टाकली आणि खाल्लं तर वाचला समजा. एवढ्यात खायला देऊ नका.”

घरी येताना मी म्हणाले, “विकासभाऊच असणार. वायरी हलवल्या होत्या त्यांनी.”

“तो येऊन कितीतरी दिवस झाले. आज सकाळी दिवा हिरवा होता.”

तर्क बिनचूक होता. मला वाईट वाटलं. इतका चांगला संशयित हातचा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई ओंजळीत झेंडूची फुलं घेऊन आल्या. चेहरा प्रसन्न.

“झालं का वं गार?”

“काय?”

“तवा! काल आले व्हते म्या फुलं घेऊन, तुमी नव्हत्या. म्हणलं बघावं काय हाय ते. दोन वायरी दिसल्या. जाड हलंना, खिळ्यानं ठोकलेली. बारीक मातर लगेच निघाली. म्हणलं चला, जाळ तुटला. पोटाला आराम पडंल लेकराच्या.”

सुजाता मलमाची ट्यूब हातात घेऊन उभी होती. तिच्या ओठांपर्यंत शब्द आलेले मला दिसले. माझं वाक्य तर तयारच होतं, पोटवाक्यांसकट. पण सुजाता म्हणाली, “काकू, बसा.”

मग तिनं ती बारीक वायर काढून दाखवली. “ही जाळाची वायर नाही. ही राखणदार आहे. जाळ वाढला की ही सांगते, मग पट्टी बंद होते.”

गयाबाईंनी तो मणी बोटांनी चाचपला. मग पेटीतला कागद बघितला, मग सुजाताच्या हातातली ट्यूब.

“आन् राखणदार नसला मंग?”

सुजातानं तो मणी घेऊन परत काचेखाली सरकवला.

“लई भाजलं का?”

“थोडं,” सुजाता म्हणाली.

गयाबाई उठल्या. आणलेली फुलं त्यांनी ठेवली नाहीत. ओंजळीतच परत नेली.

त्या गेल्यावर सुजातानं लाडूला बाहेर काढलं आणि माझ्यासमोर धरलं. “मला एकटीला मलम लावता येत नाही. तू धर.” माफी म्हणावी असं ती काही बोलली नाही. मीही तिला काही ऐकवलं नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं. मी हात पुढे केले. साप ओला, बुळबुळीत असेल अशी माझी खात्री होती. तो कोरडा होता, जुन्या पुस्तकाच्या कापडी बांधणीसारखा, आणि हातात धरल्यावर त्याच्या आत काहीतरी सतत सरकत होतं. त्यानं माझ्या मनगटाला वेढा घातला. “दाबू नको,” सुजाता म्हणाली, “तोच धरतो.”

आता सुजाता नांदेडला शिकवते, शनिवारी येते, आणि पेटी साफ करताना मी त्याला खांद्यावर टाकून फिरते. दूधवाल्याला सवय झाली आहे. पण त्या सकाळी माझी भीती त्याला कळू नये म्हणून मी कोपरं पोटाशी घट्ट धरली होती.

गयाबाई यायच्या बंद झाल्या. मी दोन शक्यता धरल्या: एक तर लाजल्या, नाहीतर गल्लीत आपली वेगळी हकीकत सांगत फिरताहेत. दुसरी मला जास्त संभवनीय वाटत होती. मी कान देऊन राहिले. गल्लीतून काही ऐकू आलं नाही, पण भिंतीपलीकडून काहीतरी ऐकू यायचं राहिलंय असं वाटायला लागलं. काय ते लक्षात यायला वेळ लागला. थंडीच्या दिवसांत गयाबाई घरातला गॅस सोडून अंगणातल्या चुलीवर भाकरी करतात. ज्वारीची भाकरी थापल्याचा तो थप्-थप् आवाज आणि खरपूस वास हे आमच्याकडच्या हिवाळी संध्याकाळचं घड्याळच. धूर यायचा, आवाज येत नव्हता.

त्यांचे यजमान नामदेवराव एकदा ओट्यावर ऊन खात बसले होते. त्यांनीच मला हटकलं.

“म्याडम, तुमच्या सापानं काय करणी केली वं आमच्या घरावर?”

“का? काय झालं?”

“रोज खिचडी! न्हाई तर कण्या. भाकर मागितली की बाई डोळे काढून राहिली. तवा धुऊन उलटा टांगून ठेवलाय. ईचारलं काहून, तर म्हणती ते लेकरू जेवंस्तोर न्हाई. कोनतं लेकरू? तर बोलंना. माझ्या तोंडाची पार चव गेली बगा.”

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. कुणाच्या घरी तवा चढला नाही म्हणून कुणाचे खवले भरून येत नसतात. मलम लावल्यानं येतात, कागद बदलल्यानं येतात, बत्तीसला बत्तीस ठेवल्यानं येतात. हे सगळं मला पक्कं माहीत होतं आणि आजही आहे. त्या संध्याकाळी तवा गॅसवर ठेवताना माझा हात जरा थांबला. मग मी तवा ठेवला, पोळ्या केल्या. सुजाताला नामदेवरावांचं बोलणं सांगितलं. तिनं पोळी मोडली, हातात धरून बसली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, “गार झाली.”

डिसेंबर गेला. तुरीच्या काढण्या उरकल्या. संक्रांतीचे तिळगूळ घेऊन काही जणी आल्या आणि सुजाताच्या गळ्याकडे बघून गोड बोलून गेल्या. तिच्या आणखी तारखा झाल्या. आम्ही रोज कागद बदलत होतो, मलम लावत होतो. ती लावायची, मी धरायची. मी तिला ‘का’ विचारायचं सोडलं नव्हतं. फक्त मोठ्यानं विचारत नव्हते. लाडूचा कणा अजून हाताला लागत होता. दिवा लाल व्हायचा, हिरवा व्हायचा. दोघी मिळून बघायचो.

मग त्याचे डोळे निळसर झाले, दुधात शाई पडावी तसे, आणि काही दिवसांनी सकाळी कागदावर कात पडलेली होती. सलग, तोंडापासून शेपटीपर्यंत. सुजातानं ती उजेडात धरली. पोटाच्या जागी थोडी फाटली होती. खाली नवे खवले आले होते, वेडेवाकडे, फिके, पण बंद.

चार-पाच दिवस जाऊ देऊन तिनं एका दुपारी उंदीर गरम केला. चिमटा पुढे धरला. मी मागे उभी. लाडूनं जीभ काढली, आत घेतली, पुन्हा काढली. त्याला आमची शंका येत असावी. मला त्यात गैर वाटलं नाही. बराच वेळ काही झालं नाही. सुजाताचा हात भरून आला तेव्हा मी तिच्या कोपराखाली माझा हात लावला. आणि मग एकदम, डोळा लवायच्या आत, चिमटा रिकामा होता.

तो गिळत असताना आम्ही हललो नाही. शेवटची शेपटी आत गेली तशी सुजाता उठली आणि मागच्या दारानं अंगणात पळाली. पायात चप्पल नव्हती. माहेरी आल्यापासून ती पहिल्यांदाच कुणाच्या घराकडे निघाली होती.

“काकू! ओ काकू! खाल्लं त्यानं!”

“काय सांगतीस!”

“आत्ता. सगळं खाल्लं. कातही टाकली. आता तवा ठेवा.”

“बगू दे मला आदी.”

“मग बघा. त्याला आता पडू द्या निवांत. मला भाकरी पायजे.”

‘पायजे’ म्हणाली ती. पुण्यात इतकी वर्षं काढून.

ती पलीकडे गेली. मी भिंतीच्या अलीकडे, पावलाभरावर उभी राहिले. पलीकडे काटक्या मोडल्या, फुंकणीचा आवाज आला, धूर वर आला. नामदेवराव आतून काहीतरी मोठ्यानं म्हणाले आणि गयाबाईंनी त्यांना तितक्याच मोठ्यानं गप्प केलं. “बस हितं जाळाजवळ. पाय बग कसे गार पडलेत,” त्या सुजाताला म्हणाल्या. पीठ मळल्याचं ऐकू आलं. मग थप्-थप्, थप्-थप्. पहिली भाकरी तव्यावर पडली, तिचा वास भिंत ओलांडून आला. दुसरी थापायला घेतली असेल, तेव्हा गयाबाईंनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, मीठ लागेल का विचारावं तसं:

“काहून आलीस गं माय परत? सांगतीस का?”

थापणं थांबलं. मग सुजाता बोलायला लागली. हळू, पण थांबत नव्हती.

भिंत माझ्या छातीएवढीच आहे. एक पाऊल पुढे गेले असते तर सगळं ऐकू आलं असतं, आणि त्या हिवाळ्यात मला दुसरं काहीच नको होतं. तिचा आवाज एका जागी अडखळला. गयाबाई म्हणाल्या, “खा आदी. मंग सांग.”

मी आत आले.